सावकारांच्या नगरीत एक विवाह

व्यापारानिमित्त जर्मनीला जाणारी आपली मंडळी बहुधा फ्रँकफर्ट, ड्युसेलडॉर्फ किंवा म्युनिक येथील प्रदर्शने पाहून परततात. म्युनिकच्या वायव्येस अवघ्या साठ किलोमीटरवर असलेल्या ऑग्सबर्गकडे त्यांची पावले क्वचितच वळतात. वास्तविक ज्या घराण्याचे चार पिढ्यांपासून वही आणि तराजू यांच्याशी नाते आहे, त्या घराण्यातील माणसाने युरोपात एकच शहर पाहायचे ठरवले, तर ते ऑग्सबर्ग असावे असे आता माझे मत झाले आहे. इ. स. पूर्व १५ मध्ये रोमन सैन्याची छावणी म्हणून वसलेले हे गाव सम्राट ऑगस्टसच्या नावाने ओळखले जाऊ लागले. आल्प्स पर्वत ओलांडून इटलीकडे जाणारा राजमार्ग येथून जात असल्याने ते व्यापाऱ्यांचे झाले, आणि पंधराव्या-सोळाव्या शतकांत तर युरोपातील राजे कर्जासाठी या गावाच्या पेढ्यांची पायरी चढू लागले.

गतवर्षी जून महिन्यात आम्ही या शहरात आठ दिवस राहिलो, ते मात्र इतिहासाच्या ओढीने नव्हे. निमित्त होते एका विवाहाचे. वर माझा शाळासोबती, वय वर्षे सहासष्ट. वधू त्रेसष्ट वर्षांची. दोघेही वैधव्य-विधुरावस्थेतून गेलेले, दोघांनाही कर्ती-सवरती मुले. वधू दोन वेळा आमच्याकडे सांगलीस येऊन राहिल्या असल्याने आम्हा उभयतांना हा विवाह दोन्ही बाजूंनी मित्राघरचाच होता.

‘या वयात लग्न कशाला?’

माझा हा मित्र मूळचा इचलकरंजीचा. घरी मागांचा व्यवसाय. त्याने वस्त्रोद्योगातील अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले, सुमारे चाळीस वर्षांपूर्वी यंत्रांच्या कामासाठी तो जर्मनीत गेला आणि तेथेच स्थिरावला. नऊ वर्षांपूर्वी त्याची पत्नी निवर्तली. मुलगा हॅम्बुर्गला नोकरीस. वधू निवृत्त शिक्षिका. त्यांचे यजमान त्याहूनही आधी गेलेले. संगीताच्या एका वर्गात दोघांचा परिचय झाला आणि पुढे त्याचे स्नेहात रूपांतर झाले.

विवाहाची वार्ता इचलकरंजीस पोहोचली तेव्हा जे व्हायचे तेच झाले. ‘या वयात लग्न कशाला?’ हा प्रश्न सर्वांनी विचारला. सर्वांत मोठ्या आवाजात विचारला तो मित्राच्या थोरल्या बहिणीने. आम्ही सारे त्यांना आक्का म्हणतो. वय चौऱ्याहत्तर. एकतिसाव्या वर्षी वैधव्य आले, तेव्हापासून माहेरीच राहून त्यांनी भावंडांचा संसार सांभाळला. त्यांच्या शब्दाला घरात मान. ‘सोबत हवी तर सोबत असू दे, लग्नाचा घाट नको,’ असे त्यांचे म्हणणे.

मित्राने त्यांना दूरध्वनीवरून जे सांगितले, ते मी समोर बसून ऐकले आहे. काही वर्षांपूर्वी त्याच्यावर हृदयाची शस्त्रक्रिया झाली. मुलगा शेकडो कोस दूर. रुग्णालयाच्या दारात या बाई रात्रभर बसून होत्या. परंतु ‘आपण रुग्णाच्या कोण?’ या प्रश्नाला त्यांच्यापाशी उत्तर नव्हते, म्हणून डॉक्टरांनी नियमावर बोट ठेवून त्यांना काहीही सांगितले नाही. ‘आक्का, त्या रात्री जी माझ्यासाठी जागली, तिला नाव नसावे हे मला पटत नाही,’ एवढेच तो म्हणाला. जर्मनीत १ जानेवारी २०२३ पासून असा कायदा आला आहे की, पती वा पत्नी बेशुद्ध वा असमर्थ झाल्यास जोडीदाराला वैद्यकीय निर्णय घेण्याचा अधिकार सहा महिन्यांपर्यंत आपोआप मिळतो. नुसत्या स्नेह्याला तो मिळत नाही.

या निर्णयाची किंमत वधूला रोख मोजावी लागली. जर्मन नियमांनुसार विधवेस पतीच्या पश्चात मिळणारे निवृत्तिवेतन पुनर्विवाहाबरोबर बंद होते. त्याऐवजी साधारण दोन वर्षांच्या रकमेइतकी भरपाई एकदाच मिळते. त्यामुळे तेथील अनेक वृद्ध जोडपी विवाह न करता एकत्र राहणे पसंत करतात. आयुष्य बँकेत घालवलेल्या माझ्यासारख्याला हा व्यवहार तोट्याचा दिसणे साहजिक होते. मी तसे बोलूनही दाखवले. त्यावर वधू हसून म्हणाल्या, की हिशेब त्यांनीही केला आहे, फक्त त्यांच्या वहीत रुग्णालयातील त्या रात्रीचीही नोंद आहे.

दुसरा प्रश्न मुलांचा. दोघांनी विवाहापूर्वी नोटरीसमोर करार केला. तेथील नोटरी म्हणजे आपल्याकडे शिक्का मारून देणारा नव्हे. तो शासनाने नेमलेला कायदेपंडित असतो आणि संपूर्ण मसुदा दोन्ही पक्षांना मोठ्याने वाचून दाखवणे त्याला बंधनकारक असते. करार नसेल तर विवाहकाळात दोघांच्या संपत्तीत होणाऱ्या वाढीचा समतोल, वेळ आली तर, कायद्याने साधला जातो. या दोघांनी मालमत्ता स्वतंत्र ठेवली, एकमेकांच्या वारसाहक्कावर पाणी सोडले आणि इचलकरंजीच्या वडिलोपार्जित घरातील हिस्सा मुलाचाच राहील असे नमूद केले. मुलांच्या मनातील किंतु गेला. आक्कांनी कराराचा मजकूर मराठीत समजावून घेतला, बराच वेळ गप्प राहिल्या, आणि मग विचारले, ‘तिकिटं कधीची काढायची?’

प्रवास आणि शिदोरी

प्रवासाविषयी थोडक्यात. शेंगेन व्हिसासाठी किमान तीस हजार युरोंचे संरक्षण देणारा प्रवास-विमा सक्तीचा आहे. मुंबईहून विमानाने म्युनिक आणि तेथून रेल्वेने ऑग्सबर्ग हा मार्ग सोयीचा. शिदोरी नेताना एक ध्यानात ठेवावे : तूप, पेढे, खवा असे दुग्धजन्य पदार्थ प्रवाशांना युरोपीय संघात नेता येत नाहीत. आम्ही खाखरे, भडंग, मेतकूट आणि कोरड्या चटण्या नेल्या होत्या. डाळ, गूळ आणि कणीक तेथील भारतीय किराणा दुकानात मिळाली.

शाकाहार आता जर्मनीत नवलाचा राहिलेला नाही. मात्र तेथील शाकाहारात अंडे येते, हे विसरू नये; श्वाबियाची प्रसिद्ध चीज घातलेली ‘श्पेत्सले’ ही शेवयांसारखी चीज अंड्यावाचून होत नाही. ‘वेगान’ असे लिहिलेले पाहून घेतले, की अंड्याची चिंता मिटते. जून हा तेथे पांढऱ्या शतावरीच्या कोंबांचा, म्हणजे ‘श्पार्गल’चा हंगाम. २४ जूनला तो परंपरेने संपतो. मातीचे उंच वरंबे घालून, उजेड लागू न देता वाढवलेले हे कोंब जमिनीखालचे मानावेत की वरचे, यावर आक्का आणि माझी पत्नी यांच्यात दोन दिवस चर्चा चालली. अखेर शंका असेल तेथे सोडून द्यावे असा निर्णय झाला. सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम मात्र त्या दिवसांत अनायासे पाळला जातो, कारण सूर्य रात्री सव्वानऊच्या सुमारास मावळतो.

पाण्याचे आणि व्यापाराचे शहर

ऑग्सबर्गची लोकसंख्या सुमारे तीन लाख. जुने शहर पायी पाहता येते. नगरसभागृहापासून दक्षिणेकडे मॅक्सिमिलियन रस्ता जातो आणि त्या ओळीत तीन भव्य कारंजी आहेत : ऑगस्टस, मर्क्युरी आणि हर्क्युलिस. सोळाव्या शतकाच्या अखेरीस आणि सतराव्याच्या आरंभी ती उभी राहिली. मर्क्युरी हा रोमन लोकांचा व्यापाराचा देव. भर बाजारपेठेत त्याची ब्राँझची मूर्ती पाहून या गावाची कुलदेवता कोण, हे निराळे सांगावे लागत नाही.

ही कारंजी केवळ शोभेची नाहीत. लेख आणि वेर्टाख या नद्यांचे पाणी कालव्यांनी शहरात खेळवून येथे कारागिरांची चक्रे चालवली गेली. पिण्याचे पाणी आणि कारखान्यांचे पाणी १५४५ पासूनच काटेकोरपणे वेगळे ठेवण्यात आले. या जलव्यवस्थेतील बावीस ठिकाणांना २०१९ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. याच पाण्यावर कापड उद्योग वाढला, पुढे यंत्रउद्योग आला. रुडॉल्फ डिझेल यांनी आपले इंजिन १८९३ ते १८९७ या काळात ऑग्सबर्गच्याच कारखान्यात घडवले. आपल्या खेड्यापाड्यांत विहिरीवर ज्याची धडधड ऐकत आमची पिढी वाढली, त्या इंजिनाचे हे जन्मगाव.

नगरसभागृह एलियास होल या स्थापत्यकाराने १६१५ ते १६२० मध्ये बांधले. त्यातील चौदा मीटर उंचीचे सुवर्ण दालन फेब्रुवारी १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात जळून गेले होते. शहराच्या दोन हजाराव्या वर्षी, म्हणजे १९८५ मध्ये, ते पुन्हा खुले झाले. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला संत उल्रिख यांच्या नावाने कॅथलिकांचे आणि प्रोटेस्टंटांचे अशी दोन प्रार्थनामंदिरे एकमेकांना चिकटून उभी आहेत. या दोन पंथांच्या वैरात एके काळी सारा जर्मनी होरपळला. ऑग्सबर्गमध्ये मात्र १६५० पासून शांततेचा उत्सव साजरा होतो आणि ८ ऑगस्ट ही केवळ या एका शहरापुरती सार्वजनिक सुट्टी असते.

याच रस्त्यावर शेट्झलर प्रासाद आहे. लीबर्ट नावाच्या चांदीच्या व्यापाऱ्याने आणि सावकाराने तो बांधला. त्यातील नृत्यदालनाचे उद्घाटन एप्रिल १७७० मध्ये झाले, तेव्हा व्हिएन्नाहून फ्रान्सच्या युवराजाशी विवाहास निघालेली चौदा वर्षांची मारी आंत्वानेत येथे मुक्कामास होती. आरशांनी आणि सोनेरी नक्षीने लखलखणाऱ्या त्या दालनात ती नाचली. पुढे तिचे काय झाले हे आपण जाणतोच. ‘चौदाव्या वर्षी कुणी विचारलं असेल तिला?’ आक्का पुटपुटल्या.

फुटलेल्या बशा आणि दुहाती करवत

विवाहाच्या आदल्या संध्याकाळी ‘पोल्टरआबेंड’ नावाचा सोहळा असतो. पाहुणे घरची जुनी, टवके गेलेली चिनी मातीची भांडी घेऊन येतात आणि वधूवरांच्या दारात आपटून फोडतात. फुटण्याच्या आवाजाने अरिष्ट पळते आणि ठिकऱ्यांनी भाग्य येते अशी समजूत. काच मात्र फोडायची नाही; आरसा तर नाहीच. सारा ढिगारा नवदांपत्याने मिळून झाडायचा. आक्का आधी हबकल्या. पण साठी ओलांडलेली ती दोघे हातात झाडू घेऊन अंगण झाडू लागली, तेव्हा त्यांना हसू आवरेना.

जर्मनीत १८७६ पासून कायद्याने मान्य विवाह म्हणजे नोंदणी कार्यालयातील विवाह. धार्मिक विधी कोणी करो वा न करो, कायद्याला तो पुरेसा नाही. माझा मित्र भारतीय नागरिकच राहिला असल्याने त्याला आपल्याकडील कागदपत्रांची प्रमाणित भाषांतरे, पहिल्या पत्नीच्या निधनाचा दाखला, स्वतः विवाहास मोकळा असल्याचे प्रमाणपत्र अशा पूर्ततेत बरेच महिने घालवावे लागले. प्रत्यक्ष समारंभ जेमतेम अर्ध्या तासाचा. निबंधक बाईंनी प्रथम छोटेसे भाषण केले. हे कार्यालयीन भाषण असेल अशी माझी कल्पना होती. परंतु त्यांनी दोघांच्याही दिवंगत जोडीदारांचा नावानिशी आणि आदराने उल्लेख केला. मग प्रत्येकाला उभे करून एक प्रश्न. ‘या’ हा जर्मन होकार. उजव्या हाताच्या बोटात अंगठ्या, सह्या, आणि कुटुंबनोंदीचे एक पुस्तक हाती. साक्षीदार आता कायद्याने आवश्यक नाहीत. या विवाहात मात्र वराचा मुलगा आणि वधूची कन्या असे दोघे साक्षीदार म्हणून सह्यांना पुढे आले. आपापल्या आईवडिलांच्या विवाहाला साक्ष राहण्याचे भाग्य कितीजणांना लाभते?

बाहेर येताच मित्रमंडळींनी घोडीवर एक ओंडका आडवा ठेवला आणि दुहाती करवत दोघांच्या हाती दिली. ओंडका दोघांनी मिळून कापायचा. या करवतीचे मर्म असे, की एकाने ओढायचे तेव्हा दुसऱ्याने नुसते सैल सोडायचे. दोघेही एकदम ढकलू लागले की पाते वाकते. आमच्या या जोडप्याला वयोमानाप्रमाणे दोनदा थांबावे लागले, पण ओंडका कापला गेला.

घरी परतल्यावर ओटी भरण्याचा कार्यक्रम माझ्या पत्नीने योजला होता. खण, नारळ, तांदूळ सारे सांगलीहून बरोबर आणलेले. आक्का रीतीप्रमाणे भिंतीशी बाजूला जाऊन बसल्या. वधूने आधीच सर्व समजून घेतले असावे. त्या माझ्या पत्नीला म्हणाल्या, की ओटी घरातल्या मोठ्या बहिणीने भरावी अशी त्यांची इच्छा आहे. क्षणभर कोणी बोलेना. आक्का उठेनात. अखेर पत्नीने ताट त्यांच्यापुढे नेऊन धरले. ‘आक्का, वहिनी थांबल्या आहेत.’ आक्का उठल्या. थरथरत्या हातांनी त्यांनी ओटी भरली, कुंकू लावले आणि त्या परदेशी सुनेच्या गालांवरून हात फिरवून कानशिलांवर बोटे मोडली. रात्री माझ्या पत्नीजवळ त्या एवढेच बोलल्या, ‘मला कुणी विचारलं नव्हतं गं. विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं, कोण जाणे.’

दुसऱ्या दिवशी त्यांनी वधूच्या स्वयंपाकघराचा ताबा घेऊन पस्तीस माणसांना पुरणपोळ्या वाढल्या.

विणकराचे नातवंड, सम्राटाचा सावकार

विवाहानंतर दोन दिवस नवदांपत्याने स्वतः आम्हाला शहर दाखवले. इचलकरंजीच्या माणसाला ऑग्सबर्गच्या ज्या घराण्याविषयी सर्वाधिक जिव्हाळा वाटावा, ते फुगर घराणेही मुळात विणकरांचेच. हान्स फुगर हा विणकर १३६७ मध्ये जवळच्या खेड्यातून येथे आला. करवसुलीच्या वहीत त्याच्या आगमनाची नोंद आजही दाखवतात. तागाच्या उभ्या धाग्यात कापसाचा आडवा धागा विणून होणारे कापड हा तेव्हाचा मोठा धंदा, आणि कापूस यायचा व्हेनिसमार्गे. त्याचा नातू याकोब फुगर १४५९ मध्ये जन्मला. तरुणपणी व्हेनिसला राहून त्याने व्यापार आणि दुहेरी नोंदीची हिशेबपद्धती आत्मसात केली. पुढे टायरोलची चांदी आणि हंगेरी राज्यातील तांबे यांवर त्याने पकड बसवली. पद्धत अशी : राजांना कर्ज द्यायचे आणि तारण म्हणून खाणीचे उत्पन्न लावून घ्यायचे. बँकेत आम्ही ज्याला तारणाची परतफेडक्षमता म्हणत असू, ती या माणसाने पाचशे वर्षांपूर्वी ओळखली होती.

त्याचा प्रमुख हिशेबनीस मॅथॉस श्वार्त्स. त्याने १५१८ मध्ये हिशेबशास्त्रावर हस्तलिखित ग्रंथ रचला. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना लुका पाचोलीचे नाव ठाऊक असते, श्वार्त्सचे नसते. गंमत अशी, की या काटेकोर माणसाने आपल्या प्रत्येक पोशाखाची चित्रे काढून घेऊन त्यांचेही एक पुस्तक ठेवले. खर्चाची नोंद त्याच्या रक्तातच असावी.

ऑग्सबर्गच्या या पेढ्यांचा हात आपल्या किनाऱ्यापर्यंत पोहोचला होता. १५०५ मध्ये फ्रान्सिस्को द आल्मेदा याच्या नेतृत्वाखाली पोर्तुगीज आरमार हिंदुस्थानकडे निघाले, त्यातील तीन जहाजांत ऑग्सबर्ग आणि न्यूरेंबर्ग येथील व्यापाऱ्यांचे भांडवल होते. वेल्झर पेढीचा प्रतिनिधी बाल्थासार श्प्रिंगर त्यात होता. गोव्याच्या दक्षिणेकडील अंजदीव बेट, कण्णूर, कोची असा प्रवास करून तो मिरी-मसाल्यांसह परतला आणि १५०९ मध्ये त्याचे प्रवासवर्णन छापले गेले.

फुगरचा सर्वांत मोठा व्यवहार १५१९ मधला. स्पेनचा राजा चार्ल्स याला पवित्र रोमन सम्राटपदी निवडून आणण्यासाठी मतदार राजांना सुमारे साडेआठ लाख गुल्डन वाटले गेले, त्यांतील सुमारे पाच लाख चव्वेचाळीस हजार एकट्या फुगरचे. परतफेड रेंगाळली तेव्हा १५२३ मध्ये त्याने सम्राटाला पत्र लिहून, आपल्या मदतीवाचून हा मुकुट आपणास लाभला नसता, याची थेट आठवण करून दिली. सम्राटाला असे मागणीपत्र धाडणारा सावकार इतिहासात विरळाच.

१५२५ च्या अखेरीस याकोब निधन पावला. अपत्य नव्हते. पत्नी सिबिला हिने काही आठवड्यांतच पुनर्विवाह केला, आणि पेढी पुतण्या आंटोनकडे गेली. पेढीने भरभराटीचे शिखर गाठले, परंतु राजघराण्याकडील येणे फुगतच गेले. १५५७ मध्ये स्पेनच्या राजाने देणी थांबवली, पुढेही तसेच घडत राहिले आणि सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती जगप्रसिद्ध पेढी मिटली. आंटोनने दालचिनीच्या लाकडांच्या आगीत सम्राटाचे कर्जरोखे जाळून टाकले अशी एक आख्यायिका चित्रातूनही अमर झाली आहे. घडले असो वा नसो, त्या रोख्यांची खरी किंमत लोकांनी कशी जोखली होती, हे तीतून कळते.

वर्षाला अठ्ठ्याऐंशी सेंट

आणि आता फुगराय. याकोब फुगरने १५२१ मध्ये दानपत्र करून ऑग्सबर्गच्या गरीब, कष्टाळू, पण भीक न मागणाऱ्या रहिवाशांसाठी वसाहत स्थापन केली. ती आजही नांदती आहे. भिंतीच्या आत सदुसष्ट घरे, सुमारे एकशे चाळीस सदनिका, दीडशेच्या आसपास रहिवासी. पिवळसर भिंती, हिरव्या झडपा, दारांवर चढलेल्या वेली. प्रत्येक सदनिकेला स्वतंत्र दार. तळमजल्याला छोटी बाग, वरच्याला पोटमाळा. दारांवरच्या घंटांच्या मुठी वेगवेगळ्या आकारांच्या आहेत : कुठे क्लोव्हरचे पान, कुठे शंकूसारखी, रस्त्यावर दिवे नव्हते त्या काळी माणसाला अंधारात हाताने चाचपून आपले दार ओळखता यावे म्हणून.

भाडे मूळ दानपत्रात वर्षाला एक ऱ्हाइन गुल्डन होते. आजही तेच आहे. युरोच्या हिशेबाने ते अठ्ठ्याऐंशी सेंट होते. वर्षाला, महिन्याला नव्हे. वीज आणि ऊबेचा खर्च निराळा. शिवाय रहिवाशांनी दात्याच्या कुटुंबासाठी दिवसातून तीन प्रार्थना म्हणायच्या. रहिवासी कॅथलिक, ऑग्सबर्गचा आणि गरजू असला पाहिजे. रात्री दहाला वेस बंद होते. नंतर येणाऱ्याला पहारेकऱ्याला किरकोळ दंड द्यावा लागतो. संगीतकार मोत्सार्टचे पणजोबा, गवंडी फ्रान्स मोत्सार्ट, याच वसाहतीत राहत होते. १९४४ च्या हल्ल्यात वसाहतीचा मोठा भाग नष्ट झाला. काही दिवसांतच घराण्याने ती पुन्हा बांधण्याचा निश्चय केला आणि बांधली.

आक्कांनी एका नमुना-सदनिकेतील चूल, पलंग आणि चिमुकली खिडकी निरखून पाहिली. भाड्याचा आकडा ऐकून त्या म्हणाल्या, ‘थोडं का होईना, भाडं घेतात हे बरं केलं. देणाऱ्याचं घर, पण राहणाऱ्याची मान ताठ.’

एवढ्या राजवटी, युद्धे आणि चलने बुडाली, तरी हे दान का टिकले? बँकेच्या चष्म्यातून मला चार कारणे दिसली. पहिले, अटी लेखी आणि निःसंदिग्ध होत्या. कोणाला द्यायचे, किती घ्यायचे, कोण पाहणार, हे सारे दानपत्रात होते. दुसरे, पेढीच्या वहीत संत उल्रिखच्या नावाने स्वतंत्र खाते होते. आपल्याकडील जुन्या पेढ्यांतील धर्मादाय खात्यासारखे. धंद्याचा पैसा आणि धर्माचा पैसा एकमेकांत मिसळला नाही. तिसरे, पुढे निधी रोख न ठेवता जमिनीत आणि जंगलात गुंतवला गेला. आज संस्थेचा खर्च मुख्यतः जंगलांच्या उत्पन्नातून आणि प्रवेशशुल्कातून भागतो. नाण्यांची किंमत घसरली, झाडे वाढत राहिली. चौथे, घराण्याच्या तीन शाखांचे वंशज अजून देखरेख करतात, पण मालकी त्यांची नाही. आपल्या गावोगावच्या धर्मशाळा आणि विद्यार्थी वसतिगृहे उभारणाऱ्या पूर्वजांची भावना याहून उणी नव्हती. त्यांपैकी काहींच्या भिंती आज का खचल्या, याचा शोध घेताना ही चार कारणे ताडून पाहण्याजोगी आहेत.

सम्राटाला दिलेले पाच लाख चव्वेचाळीस हजार गुल्डन मोठे तारण, मोठी प्रतिष्ठा आणि कडक मागणीपत्र यांच्या जोरावर दिले होते. विणकर-गवंड्यांना दिलेल्या घरांमागे यांतले काहीच नव्हते. तरी पाचशे वर्षांनंतर फुगरच्या नावाने नियमित जमा होणारी रक्कम ती हीच, घरटी अठ्ठ्याऐंशी सेंट.

नवदांपत्याने अहेर घेतला नव्हता. ज्यांना द्यायचेच असेल त्यांनी इचलकरंजीतील एका विद्यार्थिनी वसतिगृहासाठी द्यावे, असे निमंत्रणात लिहिले होते. फुगरायच्या बाकावर बसून आम्ही पाचजण त्या रकमेचा विचार करत होतो. नुसती देऊन टाकण्याऐवजी तिचा स्वतंत्र निधी करावा, अटी एका पानात लिहाव्यात, मुद्दल कधीही मोडू नये आणि व्याजातून दर वर्षी एका मुलीची फी भरावी, असे ठरले. मुलगी कशी असावी, या अटीवर थोडी चर्चा झाली. ‘लग्न ठरवताना जिला विचारलं जात नाही, तिला आधी द्या,’ आक्का म्हणाल्या. कायद्याच्या भाषेत हे कसे बसवावे याचा मी विचार करत होतो, तेवढ्यात वहिनींनी पर्समधून वही काढली आणि आक्कांचे वाक्य, मित्राकडून अर्थ समजावून घेत, जर्मनमध्ये जसेच्या तसे लिहून घेतले.